रुग्णांची चळवळ 'विरोधी' खणात कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शहरातल्या एका ग्रंथालयात मानसिक आरोग्याचा संदर्भ विभाग सुरू झाल्याची बातमी आपल्या अंकात वाचली आणि लगेच जाऊन तो पाहून आले. १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाचं निमित्त धरून ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो मांडला आहे. दोन कपाटं, एक लांब टेबल आणि टेबलावर स्पायरल बाइंडिंगची संदर्भसूची. कात्रणं पुठ्ठ्यावर नीट डकवलेली, प्रत्येकाच्या कोपऱ्यात दैनिकाचं नाव आणि तारीख. माझी सगळी नोकरी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या तालिका (कॅटलॉग) करण्यात गेली. तारीख नसलेलं कात्रण पुढे कुणाच्याच कामाचं राहत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्या मुलामुलींचं आधी मनापासून कौतुक करते. कोल्हापुरात असं काही व्हायलाच हवं होतं.

पत्र लिहिते आहे ते त्या सूचीतल्या एका शीर्षकासाठी. 'आजार व औषधोपचार', 'कुटुंबीयांसाठी', 'कायदे व योजना' अशी शीर्षकं ओळीने येतात आणि अगदी शेवटी येतं 'मानसोपचारविरोधी चळवळी व गैरसमज'. त्याखालच्या नोंदी मी वहीत उतरवून आणल्या. रुग्णालयातून बाहेर आल्यावर तिथल्या वागणुकीबद्दल लिहिणारे अमेरिकेतले क्लिफर्ड बीअर्स. रुग्णांच्या संघटना बांधणाऱ्या ज्युडी चेंबरलिन. मानसिक आजार ही कल्पनाच अमान्य करणारे डॉक्टर थॉमस साझ. सायंटॉलॉजी या अमेरिकी पंथाच्या चर्चने १९६९ मध्ये काढलेली, मानसोपचारावर तुटून पडणारी संस्था. मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या पुण्याच्या बापू ट्रस्टवरचा एक लेख. तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांच्या निवासगृहाला लागलेल्या आगीची कात्रणं. 'उपचारांबाबत आपली इच्छा आधीच कशी लिहून ठेवावी' याची माहिती देणारी एक पुस्तिका. आणि त्याच पानावर, या सगळ्यांच्या पाठोपाठ, भूतबाधा, करणी आणि भानामतीवरचे लेख.

'आम्हाला विचारा, आमचं ऐकून घ्या' म्हणत ज्यांनी जन्म घालवला त्यांच्या शेजारी भानामती! ते पान वाचून मला फार वाईट वाटलं, आणि त्याचं कारण नुसतं व्यवसायाचं नाही.

मी पेशंट आहे. कॉलेजात असताना निदान झालं, आता साठी उलटली. रात्री जेवण झालं की मनाचे टोकाचे चढउतार आवरणारी लिथियमची गोळी घेते. ठरावीक काळाने रक्त तपासून घेते, त्यात लिथियमची पातळी, थायरॉइड आणि किडनी हे तिन्ही पाहावं लागतं. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तातली लिथियमची पातळी वाढते, म्हणून चैत्र-वैशाखात माझे डॉक्टर पाण्याबद्दल पुन्हा पुन्हा बजावतात. या गोळीने आणि या डॉक्टरांनी मला नोकरी करू दिली, घर चालवू दिलं. माझ्यासमोर कुणी मानसोपचाराला सरसकट नावं ठेवली तर मी ऐकून घेत नाही.

आणि त्याच मला तरुणपणी एका रुग्णालयात दाखल केलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी माझी वेणी कापली. उवा होतात, असं तिथल्या कर्मचारी बायका म्हणाल्या. विचारलं नाही, आधी सांगितलंही नाही. कात्री बोथट होती, कापताना मानेजवळचे केस ओढले जात होते आणि मी हलू नये म्हणून एकीने खांदे धरले होते. अंगावरची साडी काढून घेतली आणि सगळ्यांना एकाच कापडाचे झगे दिले. बरी होऊन घरी आल्यावर आई कितीतरी दिवस माझ्या डोक्यावरून हात फिरवायची आणि काही बोलायची नाही. आज मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चं कलम २० सांगतं की दाखल असलेल्या माणसाचं डोकं सक्तीने भादरता येणार नाही आणि त्याची इच्छा असेल तर त्याला स्वतःचे कपडे घालता आले पाहिजेत. कायद्याच्या पुस्तकात केस आणि कपडे यांच्यासाठी जागा होणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे ज्याचे कापले गेले त्यालाच कळेल. ती जागा झाली, कारण जगभरचे पेशंट कितीतरी वर्षं हे बोलत राहिले. मी गोळी घेते आणि त्या पेशंटांच्या बाजूने बोलतेही. या सूचीत मला कुठल्या शीर्षकाखाली घालणार?

सूची करणाऱ्यांपैकी एक मुलगी टेबलाशीच होती. तिला विचारलं तर ती अगदी काळजीने म्हणाली, "काकू, पण हे लोक गोळ्या बंद करा म्हणतात ना? कुणी वाचून खरंच बंद केल्या तर?" तिची भीती खोटी नाही. लिथियम एकाएकी सोडलं तर आजार उसळून येतो, हे मी जवळून पाहिलं आहे. पण चळवळीतले काहीजण तसं म्हणतात, पुष्कळसे म्हणत नाहीत. जे म्हणतात त्यांच्या नोंदीखाली 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नये' अशी टीप जरूर द्यावी. औषधांच्या विभागात तर ती टीप ठळक अक्षरात हवी. एका गटाच्या मताची धास्ती घेऊन सगळ्या चळवळीला नाव मात्र देऊ नये.

आपल्या जिल्ह्यात गळीत हंगाम तोंडावर आला की ऊसदराचं आंदोलन पेटतं. शेतकरी रस्त्यावर बसतो, एफआरपी म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर एकरकमी मागतो, वजनकाट्यावर शंका घेतो, ट्रॅक्टर अडवतो. आणि तोड आली की ऊस त्याच कारखान्याला घालतो, कारण त्याचं पोट त्यावर आहे. या आंदोलनाची कात्रणं कुणी 'साखर कारखानाविरोधी' असं लिहून ठेवली तर शिरोळपासून राधानगरीपर्यंत एकही शेतकरी ते मान्य करणार नाही. ती शेतकरी चळवळीखाली जातात. आंदोलन कुणाचं आहे त्यावरून त्याची जागा ठरते. पेशंटांच्या चळवळीसाठी मी यापेक्षा वेगळं काही मागत नाही.

मुळात ज्याला जग 'अँटिसायकियाट्री', म्हणजे मानसोपचारविरोध, म्हणतं तो बव्हंशी डॉक्टरांचा डॉक्टरांशी झालेला वाद आहे. हा शब्द १९६७ मध्ये डेव्हिड कूपर यांनी रूढ केला. ते मूळचे दक्षिण आफ्रिकेतले, काम इंग्लंडात, आणि स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. त्यांच्याबरोबर ज्यांचं नाव नेहमी घेतलं जातं ते आर. डी. लैंग हेही मानसोपचारतज्ज्ञ, आणि त्यांनी हा शिक्का स्वतःवर कधी मारून घेतला नाही. थॉमस साझ हेही मानसोपचाराचे प्राध्यापक. सायंटॉलॉजीवाल्यांच्या संस्थेच्या स्थापनेत ते होते, तरीही 'अँटिसायकियाट्री' या शब्दाचा त्यांना इतका तिटकारा की २००९ मध्ये त्याविरुद्ध त्यांनी एक अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे ज्या डॉक्टरांसाठी हा शब्द वापरला जातो त्यांच्यातल्या दोघांना तो नको होता, आणि आपण तो उचलून अशा पेशंटांना लावला आहे ज्यांचा त्या वादाशी फारसा संबंधच नाही.

पेशंटांची गोष्ट त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. १८१२ मध्ये हत्या झालेल्या इंग्लंडच्या पंतप्रधानांचा मुलगा जॉन पर्सिव्हल याला पुढे वेड्यांच्या खासगी इस्पितळात ठेवलं गेलं होतं. सुटून आल्यावर त्याने तिथली हकिगत लिहून छापली आणि १८४५ मध्ये आपल्यासारख्याच काहीजणांबरोबर एक सोसायटी काढली. तिचं नाव होतं 'अलेज्ड ल्युनॅटिक्स फ्रेंड सोसायटी'. ज्यांना वेडं ठरवलं आहे त्यांच्या मित्रांची ही मंडळी. लोकांना कसं दाखल करावं, आत त्यांच्याशी कसं वागावं याचे कायदे सुधारावेत, हा तिचा उद्योग.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात एलिझाबेथ पॅकार्ड यांचं त्यांच्या पाद्री नवऱ्याशी धर्ममतांवरून पटेना. तिथल्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे बायकोला इस्पितळात टाकायला नवऱ्याचा शब्द आणि इस्पितळाच्या प्रमुखाची संमती एवढं पुरत असे. १८६० मध्ये त्यांना टाकलं, तीन वर्षं ठेवलं. घरी परत आणल्यावर नवऱ्याने खोलीत कोंडलं तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं, आणि १८६४ मध्ये ज्यूरीने सात मिनिटांत निकाल दिला की बाई शहाणी आहे. त्यानंतर पॅकार्डबाई घरी बसल्या नाहीत. पुस्तकं लिहून, स्वतः विकून, राज्याराज्यांतल्या विधिमंडळांपुढे त्या उभ्या राहिल्या. १८६७ मध्ये इलिनॉयने कायदा केला की ज्यूरीपुढे सुनावणी झाल्याशिवाय कुणालाही इस्पितळात टाकता येणार नाही. आपल्या इकडे अजूनही 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हणून बाईला माहेरी धाडतात, फारकतीच्या कागदात तेच कारण घालतात. त्या बायकांसाठी पॅकार्डबाईंची हकिगत या विभागात आवर्जून असावी. पण ती त्यांना सापडायला हवी. 'गैरसमज' या शीर्षकाखाली कुठली बाई ती शोधायला जाईल?

आणि बीअर्स तर या पानावर असायलाच नको होते. १९०० ते १९०३ या काळात ते वेगवेगळ्या इस्पितळांत होते, मारहाण सोसली. १९०८ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं आणि त्याच वर्षी कनेक्टिकटमध्ये मानसिक आरोग्यासाठी सोसायटी काढली, पुढच्या वर्षी राष्ट्रीय समिती. त्यांच्या पाठीशी कोण होते? अडॉल्फ मेयर, म्हणजे त्या काळातले अमेरिकेतले अग्रगण्य मानसोपचारतज्ज्ञ. विल्यम जेम्स यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ. डॉक्टरांना बरोबर घेऊन इस्पितळं सुधारायला निघालेल्या माणसाला विरोधक म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय ती साधी माहितीची चूक आहे, आणि संदर्भसूचीत ती खपवून घेता येत नाही.

१९७० नंतर या चळवळीला संघटनांचं रूप आलं. १९७० मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडला, १९७१ मध्ये न्यूयॉर्क, बॉस्टन आणि कॅनडातल्या व्हँकुव्हरला, १९७३ मध्ये लंडनला. मागण्या अशा: उपचार नाकारण्याची मुभा असावी, आपल्याबद्दल लिहिलेले कागद आपल्याला पाहायला मिळावेत, आलेली-गेलेली पत्रं कुणी उघडू नयेत. आता आपला २०१७ चा कायदा काढून पाहा. कलम २५ स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क देतं. कलम २६ भेटीगाठी, फोन आणि पत्रव्यवहाराचा हक्क देतं. ज्या मागण्या आज भारतीय संसदेने संमत केलेल्या कायद्यात आहेत, त्या मागणाऱ्यांना आपण अजून विरोधी म्हणायचं का?

ज्युडी चेंबरलिन या त्याच पिढीतल्या. गर्भ पडल्यानंतर त्यांना नैराश्याने गाठलं, १९६६ मध्ये रुग्णालयात गेल्या आणि पुढे तिथे त्यांना मनाविरुद्ध डांबून ठेवण्यात आलं. १९७८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, २०१० मध्ये त्या गेल्या. १९९० मध्ये लिहिलेल्या एका लेखात त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे की अँटिसायकियाट्री हा विद्वानांचा आणि नाराज डॉक्टरांचा बौद्धिक खटाटोप होता, त्यात माजी रुग्णांना सोबत घेण्याचा फारसा प्रयत्न झाला नाही, आणि आमची चळवळ त्याहून वेगळी आहे. ज्यांनी हा फरक स्वतः लेखी मांडून ठेवला, त्यांनाच या सूचीत त्या शीर्षकाखाली बसवलं आहे.

आता माझी सूचना. नोंद कुठे जाईल हे एकाच प्रश्नावर ठरवावं: हे कुणी केलं? पेशंटांनी किंवा उपचार घेऊन आलेल्यांनी स्वतः संघटित होऊन केलं असेल तर 'मानसिक आरोग्यसेवा घेणाऱ्यांच्या चळवळी व संघटना' असं साधं शीर्षक द्यावं. पर्सिव्हल, पॅकार्ड, चेंबरलिन, पेशंटांची १९९१ मध्ये स्थापन झालेली जागतिक संघटना हे सगळे तिथे येतील. बापू ट्रस्टही तिथे यावा. १९९९ मध्ये तो सुरू करणाऱ्या भार्गवी दावर लहानपणी आईला दवाखान्यात ठेवलेलं पाहून या कामाकडे वळल्या. डॉक्टरांनी मानसोपचारावर केलेली टीका वेगळ्या शीर्षकाखाली जाईल, तिथे कूपर, लैंग, साझ. इटलीत फ्रँको बासाल्या या डॉक्टरांच्या प्रयत्नांतून १९७८ मध्ये कायदा क्र. १८० झाला आणि मोठी मनोरुग्णालयं बंद होत गेली. ती सुधारणाही डॉक्टरांकडून आलेली, म्हणून ती 'सेवांमधील सुधारणा' याखाली जाईल. सायंटॉलॉजीची संस्था त्या पंथाच्या नावाखाली. भानामती आणि करणीचे लेख तर ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, १३३ मध्ये जातात, त्यांचा इथे काही संबंध नाही. वर्गीकरणाची अडचण म्हणाल तर तीही नाही. आजार आणि उपचार ६१६.८९ मध्ये, सेवा आणि कल्याण ३६२.२ मध्ये, नागरी हक्क ३२३ मध्ये. जागा कधीच्या केलेल्या आहेत.

एरवाडीचं काय करायचं, हा प्रश्न मला त्या मुलीनेच विचारला. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिथल्या एका निवासगृहाला आग लागली आणि २८ माणसं गेली. पायात साखळ्या असल्यामुळे त्यांना पळता आलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ही घटना आहे, चळवळ नव्हे. ती 'संस्थांमधील परिस्थिती' याखाली जावी आणि तिथून कायद्याच्या विभागाकडे व चळवळींच्या विभागाकडे 'हेही पहा' असा संदर्भ द्यावा. आज कलम ९५ साखळीने बांधायला मनाई करतं, ते या २८ जणांना आठवल्याशिवाय वाचता येत नाही. तसंच शीला बारसे यांचं. गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं बेकायदा आहे, असा निर्णय १९९३ मध्ये त्यांच्या याचिकेमुळे मिळाला. काम थोर, पण त्या पत्रकार. पेशंटांच्या संघटनांमध्ये त्यांना घालू नये, न्यायनिर्णयांमध्ये घालावं.

कुटुंबीयांच्या संघटनाही वेगळ्या ठेवाव्यात असं मला वाटतं. हे लिहिताना जड जातं, कारण आमच्या आईबापांनी, भावंडांनी काय काय सोसलं ते आम्हाला माहीत आहे. पण सक्तीने दाखल करण्याच्या प्रश्नावर घरच्यांचं म्हणणं एक आणि पेशंटचं दुसरं असं पुष्कळदा होतं. दोघांना एकाच नावाखाली घातलं की ज्याचा आवाज मोठा त्याचंच ऐकू येतं.

मला तराजू फक्त आमच्या बाजूला झुकवायचा नाही. चळवळीतले काहीजण स्वतःला 'सर्व्हायव्हर' म्हणवतात, म्हणजे उपचारांतून वाचून बाहेर आलेले. तो त्यांचा अनुभव आहे आणि त्यांच्या संस्थेच्या नावात तो शब्द असेल तर तसाच ठेवावा. पण सगळ्या विभागाच्या शीर्षकावर तो घालू नये, कारण माझ्यासारखे पुष्कळजण स्वतःला तसं म्हणवत नाहीत. 'न्याय्य लढा', 'अत्याचारित' असली विशेषणंही नकोत. वाचणारा डॉक्टर असेल, पेशंट असेल, नाहीतर कायद्याचा विद्यार्थी. त्याने वाचावं आणि त्याचं त्याने ठरवावं. मानसोपचार पूर्णपणे नाकारणारे गटही आहेत, त्यांना लपवू नये. ते स्वतःला जे म्हणवतात त्याच नावाने त्यांची नोंद करावी. आणि जुनी नावं बदलू नयेत. १९१२ चा कायदा 'इंडियन ल्युनसी ॲक्ट' होता, तो तसाच लिहावा. आज ते नाव टोचतं म्हणून इतिहासात हात घालू नये.

शोधणारा कुठला शब्द घेऊन येईल याचा नेम नसतो. कागलहून आलेली एखादी आई 'वेड्यांचे हक्क' असंच विचारेल. वकिलीचा मुलगा अधिनियमाचं नाव घेईल. कुणी 'मनोरुग्ण संघटना' म्हणेल, कुणी अँटिसायकियाट्रीच म्हणेल. या सगळ्या शब्दांखाली 'पहा' असा संदर्भ देऊन एकाच ठिकाणी आणून सोडावं. आपल्या वाईच्या विश्वकोशासारखे अकारविल्हे कोश चाळणाऱ्यांना हे सांगायला नको: नोंद असते, पण ती कुठल्या अक्षराखाली हे कळलं नाही तर असून नसल्यासारखी होते.

यात सगळ्यांत निकडीची आहे ती इच्छा लिहून ठेवण्याबद्दलची पुस्तिका. उपचार नाकारता येतात असं तीत लिहिलं आहे, एवढ्यावरून ती 'विरोधी'त गेली. अहो, तो कलम ५ चा हक्क आहे. आपण बरे असताना, पुढे आजार बळावला तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे लिहून ठेवता येतं. कलम १४ प्रमाणे आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही नेमता येते. जीव धोक्यात असेल तेव्हाच्या तातडीच्या उपचारांना ते लागू होत नाही, हे कलम ९ मध्ये आहे आणि पुस्तिकेतही स्पष्ट लिहिलं आहे. मी माझं लिहून ठेवलं आहे. माझी वहिनी माझी प्रतिनिधी आहे. कुठलं औषध मला सोसत नाही, कुणाला आधी कळवायचं, आणि केसांना हात लावायचा नाही, हे सगळं त्यात आहे. हा कागद कोल्हापुरातल्या प्रत्येक पेशंटकडे असावा असं मला वाटतं. त्याची माहिती 'कायदे व योजना' या शीर्षकाखाली पहिल्या ओळीत हवी.

आणखी एक गोष्ट भिंतीवरच्या कात्रणांची. त्यातल्या एकात आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावच्या माणसाचा चेहरा दिसतो, खाली नाव, आडनाव आणि गाव. बातमी जुनी आहे, पण तो माणूस आज गावात वावरत असेल, त्याची मुलं शाळेत जात असतील. उपचार घेत असलेल्याचा फोटो आणि माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना द्यायला आता कलम २४ मनाई करतं. कलम ग्रंथालयाला लावायचं की नाही ते वकील सांगतील. तोवर त्या चेहऱ्यावर आणि नावावर कागद लावावा, हे मला कळतं. तसंच सूचीच्या शेवटी 'मनोरुग्ण व्यक्ती' म्हणून जी नावांची यादी दिली आहे ती काढून टाकावी. चळवळीत वकील असतात, कार्यकर्ते असतात, कुणाची बहीण असते. जोवर एखाद्याने स्वतः जाहीरपणे सांगितलेलं नाही तोवर त्याच्या नावापुढे आजार लिहिण्याचा अधिकार सूचीकाराला नाही. याच कारणासाठी माझं नाव छापू नये अशी आपल्याला विनंती आहे. मला स्वतःला त्याची लाज नाही. पण घरात भाचीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत आणि समोरची मंडळी काय विचारतील ते आम्हाला चांगलं माहीत आहे.

या सूचीच्या छापील प्रती तालुक्यांच्या वाचनालयांना पाठवणार असल्याचं आपल्या बातमीत होतं. एकदा गडहिंग्लज, आजरा, शाहूवाडीच्या कपाटांत हे पान गेलं की ते परत आणून दुरुस्त करणं कठीण. म्हणून ग्रंथालयाच्या व्यवस्थापनाला आपल्या स्तंभातून कळकळीची विनंती करते की प्रती निघण्याआधी शेवटचं शीर्षक नव्याने लावावं. मी सकाळच्या वेळी येऊन त्या मुलांबरोबर बसायला तयार आहे. माझ्याकडे एरवाडीपासून २०१७ च्या कायद्यापर्यंतची कात्रणं आहेत, सगळी तारखांसह. विभागाला हवी असतील तर मूळ कात्रणंच देऊन टाकते.

आपली,
एक निवृत्त तालिकाकार,
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)